डेमचोक: सिंधूच्या काठाने चारडिंग नाल्यापर्यंत

लडाखच्या आग्नेय टोकाला, सिंधू तिबेटातून खाली उतरते तिथे डाव्या काठावर डेमचोक आहे. उंची सुमारे ४,२०० मीटर. २०११च्या जनगणनेत लोकसंख्या ७८. बोली तिबेटी वळणाची, धर्म बौद्ध, पोट पश्मिना शेळ्यांवर. गावाला लागून चारडिंग नाला वाहतो आणि सिंधूला मिळतो. नाल्याच्या अलीकडे भारत, पलीकडचा भाग चीनच्या ताब्यात, आणि तिकडच्या वस्तीचं नावही डेमचोकच. भारताचा दावा नाल्यापलीकडे जातो. चीनचा दावा अलीकडचं डेमचोक पोटात घेऊन नदीच्या खालच्या अंगाला कित्येक किलोमीटर येतो.

हल्ली या बाजूला येणाऱ्या बहुतेक गाड्या उमलिंग ला या अतिउंच खिंडीच्या (ला म्हणजे खिंड) पाटीसाठी येतात, आणि डेमचोक त्यांना परतीच्या वाटेवर घाईघाईत दिसतं. आमच्या मते क्रम उलटा हवा. आधी नदीकाठाने गाव, मग खिंड. शरीरालाही तेच मानवतं, कारण रात्रीचे मुक्काम हळूहळू वर सरकतात आणि सर्वांत उंच जागा सर्वांत शेवटी येते. पुढचा आराखडा त्याच हिशेबाचा आहे. काळ जूनच्या मध्यापासून सप्टेंबरअखेरपर्यंत. ऑक्टोबरात आकाश सर्वांत स्वच्छ असतं, पण रात्री पारा शून्याच्या बराच खाली जातो आणि डिझेल गाड्या सकाळी रुसतात.

पहिला ते तिसरा दिवस: लेह (३,५०० मीटर)

मुंबईहून किंवा पुण्याहून विमानाने येणारा माणूस काही तासांत समुद्रसपाटीवरून अशा ठिकाणी उतरतो जिथे हवेचा दाब सपाटीच्या दोन-तृतीयांशच असतो. पहिल्या दिवशी जेवण, पाणी, झोप, एवढंच. दुसऱ्या दिवशी बाजारापर्यंत चालणं, तिसऱ्या दिवशी शे गोन्पा (बौद्ध मठ) किंवा ठिकसे. खारदुंग ला लेहपासून जवळ आहे म्हणून दुसऱ्याच दिवशी तिथे जाऊन यायचा मोह होतो, तो टाळा.

डायमॉक्स (अ‍ॅसिटाझोलामाइड) घ्यायचं असेल तर रिवाज १२५ मिलिग्रॅम दिवसातून दोनदा, चढाईच्या आदल्या दिवसापासून. लघवी वाढते, बोटांना मुंग्या येतात. तो औषधाचाच परिणाम आहे. सल्फा औषधांची अ‍ॅलर्जी असलेल्यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय हात लावू नये. डोकेदुखी आणि भूक मरणं हा साधा त्रास. तोल जाणं, बोलण्यात गोंधळ, बसल्या जागी धाप, फेसाळ खोकला, ही वेगळीच गोष्ट: मेंदूला सूज किंवा फुफ्फुसात पाणी. त्यावर उपाय एकच, खाली उतरणं, तेही त्याच क्षणी, सकाळची वाट न बघता. अडचण अशी की चांगथांगमध्ये, म्हणजे पुढच्या उंच पठारावर, खाली म्हणावं असं जवळ काही नाही. हानलेहून लेह सुमारे अडीचशे किलोमीटर. म्हणून लेहच्या तीन रात्रींमध्ये काटकसर नको.

बाजारात मिळणारे ऑक्सिजनचे हलके डबे फारसे कामाचे नाहीत. दहा लिटरचा डबा मिनिटाला दोन लिटरने सोडला तर पाच मिनिटांत संपतो. चार जणांमागे एक खरा सिलिंडर, मास्क आणि रेग्युलेटरसह भाड्याने घ्या आणि लेहमध्येच उघडून बघा. रेग्युलेटरचा वॉशर गेलेला असणं हा नेहमीचा प्रकार.

परवानगीचं काम याच दिवसांत. २०२१ पासून भारतीय नागरिकांसाठी इनर लाइन परमिटची (सीमाभागात जाण्याच्या परवान्याची) अट सैल झाली असली तरी पर्यावरण शुल्क (गेल्या काही हंगामांत माणशी ४०० रुपये) आणि वन्यजीव व रेडक्रॉसची किरकोळ रक्कम ऑनलाइन भरावी लागते, आणि तपासणी नाक्यांवर कागद मागतातच. फॉर्ममध्ये न्योमा, हानले, कोयुल, डेमचोक, उमलिंग ला, चुशूल ही नावं एकेक करून निवडा. एक नाव राहिलं की त्या वळणावरून परत. कागदाच्या चार-पाच प्रती आणि मूळ आधार कार्ड जवळ हवं. डेमचोकचं शेवटचं ‘हो’ किंवा ‘नाही’ मात्र पुढे त्या दिवशीच्या परिस्थितीनुसार मिळतं. लेहमधला कुणी एजंट खात्री देत असेल तर तेवढ्यापुरतं ऐकून घ्या.

परदेशातून येणाऱ्या मराठी मंडळींसाठी दोन गोष्टी. ओसीआय कार्ड म्हणजे नागरिकत्व नव्हे. संरक्षित क्षेत्रासाठी वेगळी परवानगी लागते आणि ती सीमेलगतच्या या गावांसाठी मिळेल असं धरून तिकिटं काढू नका. दुसरं, ट्रेकसाठी घेतलेली उपग्रहावरून संदेश पाठवणारी यंत्रं आणि सॅटेलाइट फोन भारतात परवान्याशिवाय बाळगणं गुन्हा आहे. ती घरीच ठेवा. प्रीपेड सिमसुद्धा महाराष्ट्रातलं इथे चालत नाही, पोस्टपेड लागतं.

इंधनाचा हिशेब: हा सगळा फेरा ९०० ते १,००० किलोमीटरचा. चढावर लिटरमागे दहा किलोमीटर देणाऱ्या जीपला शंभर लिटर लागतील, म्हणजे भरलेल्या टाकीशिवाय वीस लिटरचे दोन कॅन, आणि परतीची खिंड बंद पडली तर लांबच्या वाटेसाठी तिसरा. खात्रीचा शेवटचा पंप कारूचा. पुढे कुठे मिळालं तर नफा. कॅन गळ्यापर्यंत भरू नका. उंचीवर बाहेरचा दाब कमी होतो, आत वाफ दाटते, आणि झाकणातून पेट्रोल पाझरून गाडीभर वास सुटतो. झाकण उघडताना आधी अर्धा आटा सैल करून वाफ जाऊ द्यायची. मोटारसायकलवाल्यांनी जास्तीचा क्लच केबल आणि क्लच प्लेट, ट्यूबचा जोड आणि हवा भरायचा पंप घ्यावा. दोघांनी बसून दीडशे सीसीची गाडी लेहच्या रस्त्यांवर चालेल, उमलिंग लाच्या चढावर चालणार नाही; टर्बो नसलेल्या इंजिनाची ताकद तिथे निम्म्यावर येते.

चौथा दिवस: लेह – उपशी – चुमाथांग – न्योमा (सुमारे १८० किमी)

कारूला टाकी भरून उपशीला मनालीचा रस्ता सोडायचा आणि सिंधूच्या काठाने पूर्वेकडे वळायचं. कियारीपर्यंत दरी अरुंद आहे, जांभळ्या आणि हिरवट खडकांची. रस्ता चांगला, पण वळणावर समोरून लष्कराचा ताफा येतो. चढणाऱ्या जड वाहनाला वाट द्यायची. ताफ्याच्या मध्ये घुसून ओव्हरटेक करू नये.

चुमाथांगला नदीच्या काठावर गरम पाण्याचे झरे आहेत. ढाब्यावर थुक्पा मिळतो. उंची चार हजार मीटरच्या जरा खाली. लेहमध्ये ज्यांची डोकेदुखी पूर्ण उतरलेली नाही त्यांनी सरळ इथेच मुक्काम करावा.

पुढे माहे पुलापाशी नाका. पूल ओलांडला की पुगा आणि त्सो मोरिरी. आपण पूल न ओलांडता नदी उजव्या हाताला ठेवून सरळ न्योमाला. इथे दरी एकदम फाकते आणि सिंधू वाळवंटात पसरल्यासारखी आळसावते. न्योमा ४,१०० मीटरच्या वर. वायुदलाच्या धावपट्टीचं मोठं काम २०२३ मध्ये सुरू झालं. धावपट्टी, पूल, छावण्या, यांचे फोटो काढायचे नाहीत, गाडी चालू असतानाही नाहीत. डॅशकॅम झाकून ठेवा. ड्रोन तर आणूच नका.

पाचवा दिवस: न्योमा – लोमा – हानले (सुमारे ७५ किमी)

अंतर छोटं आहे आणि तेच हवं. लोमा पुलापाशी सर्वांत कडक नाका. इथून वाटा फुटतात: एक हानलेला, एक सिंधूच्या वरच्या अंगाला कोयुल-डेमचोककडे, एक त्सागा ला ओलांडून चुशूलला. कागदांची पहिली प्रत इथे जाते.

लोमानंतर मैदान लागतं. क्यांग, म्हणजे तिबेटी रानगाढवं, कळपाने चरताना दिसतात आणि गाडीला समांतर धावू लागतात. फोटोसाठी गाडी कुरणात घालणारे महाभाग दर हंगामात असतात. हे गवत वर्षातले तीन महिने वाढतं. चाकोरी एकदा पडली की कित्येक वर्षं बुजत नाही, आणि तेच गवत चांगपांच्या, म्हणजे इथल्या भटक्या पशुपालकांच्या, शेळ्यांचं हिवाळ्याचं खाणं. शिवाय वरून कोरडी दिसणारी जमीन खाली दलदलीची असते. जीप रुतली की ओढायला दुसरी गाडी तासाभरात येईलच असं नाही.

हानलेच्या पाणथळीत काळ्या मानेचे क्रौंच उन्हाळ्यात विणीला येतात. जोडी साधारण दोन अंडी घालते, आणि त्यांचा सर्वांत मोठा शत्रू म्हणजे भटकी कुत्री. छावण्या आणि वस्त्यांच्या उष्ट्यावर ती वाढतात, मग घरटी फोडतात. कुत्र्यांना बिस्किटं टाकणं हा इथे पुण्याचा मार्ग नव्हे. पक्ष्यांपासून निदान दोनशे मीटर लांब थांबा आणि लांब पल्ल्याची लेन्स वापरा.

सहावा दिवस: हानले (४,३०० मीटर)

हा विश्रांतीचा दिवस, आणि तो कापू नये. हानले म्हणजे एक गाव नसून भोक, खाल्दो, नागा, पुंगुक, शादो अशा विखुरलेल्या वस्त्या. टेकडीवरची गोन्पा द्रुक्पा पंथाची, सतराव्या शतकातली, राजा सेंगे नामग्यालच्या काळची. हा राजा १६४२ मध्ये हानलेतच वारला. गोन्पापर्यंत चढायला सपाटीवर पाच मिनिटं लागतील, इथे वीस धरा.

समोरच्या डोंगरावर, ४,५०० मीटरवर, भारतीय खगोलभौतिकी संस्थेची वेधशाळा आहे. तिथली दोन मीटरची हिमालयीन चंद्रा दुर्बीण २००० सालापासून आकाश बघते आहे, आणि ती चालवणारे लोक बेंगळुरूजवळ होसकोटेला बसतात. आज्ञा उपग्रहामार्फत जातात. मराठी माणसाने इथे जरा जास्त वेळ घालवायला हरकत नाही. ०.७ मीटरची ग्रोथ दुर्बीण पवईच्या आयआयटीने बेंगळुरूच्या संस्थेबरोबर उभारली. सात दुर्बिणींच्या हगार प्रकल्पात कुलाब्याची टीआयएफआर (टाटा मूलभूत संशोधन संस्था) आहे. आणि रस्त्यावरूनच दिसणारी प्रचंड तबकडी म्हणजे भाभा अणुसंशोधन केंद्राची मेस. व्यास २१ मीटर, ३५६ चौकटी, प्रत्येकीत चार आरसे. अवकाशातून येणारा गॅमा किरण वातावरणावर आदळला की कणांचा वर्षाव होतो आणि काही अब्जांश सेकंद टिकणारी निळसर चमक उमटते. मेस ती चमक टिपते. ४ ऑक्टोबर २०२४ रोजी तिचं उद्घाटन झालं.

एवढ्या क्षीण उजेडावर काम चालतं म्हटल्यावर बाकीच्या उजेडाचे नियम कडक असणारच. डिसेंबर २०२२ मध्ये वेधशाळेभोवतीचा १,०७३ चौरस किलोमीटरचा भाग काळोख्या आकाशाचं राखीव क्षेत्र म्हणून जाहीर झाला. अंधारानंतर गाडीचा हाय बीम बंद, खोलीचे जाड पडदे ओढलेले, बाहेर फिरताना लाल टॉर्च. मोबाईलचा पडदासुद्धा मंद ठेवा. डोळे अंधाराला सरावायला अर्धा तास लागतो आणि एका पांढऱ्या झोताने तो वाया जातो, तुमचाही आणि शेजाऱ्याचाही. गावातल्या तरुण-तरुणींना खगोलदूत म्हणून तयार केलं आहे, त्यांच्याकडे दुर्बिणी आहेत. होमस्टेच्या मालकाला दुपारीच सांगून ठेवा आणि पैसे रोख द्या. सहलीची तारीख अमावस्येच्या आगेमागे चार दिवस धरली तरच या सगळ्याला अर्थ. फोटोसाठी सुरुवात १४ ते २० मिमी लेन्स, एफ २.८, आयएसओ ३२००, वीस सेकंद. जास्तीच्या बॅटऱ्या अंगातल्या आतल्या खिशात.

जेवणाचा एक बारकावा. या उंचीवर पाणी साधारण ८६ अंशांना उकळतं. उघड्या भांड्यात तूरडाळ कितीही वेळ ठेवा, दाणा कोवळा होत नाही. ज्यांना स्वतः रांधायचंय त्यांनी तीन लिटरचा कुकर आणि मूगडाळ आणावी, डाळ दोन तास भिजवून जास्तीच्या तीन-चार शिट्ट्या द्याव्या. नाहीतर घरमालकीण देईल ते खावं: खंबीर रोटी, त्साम्पा (भाजलेल्या जवाचं पीठ), भाजी-भात, आणि खारट लोण्याचा गुरगुर चहा. पहिला घोट चहा समजून घेतला तर तोंड वाकडं होतं, सूप समजून घेतला तर दुसरा पेला मागाल.

सातवा दिवस: हानले – लोमा – कोयुल

परत लोमा, मग सिंधूच्या काठाने आग्नेयेला. कोयुलजवळच फुकचेची धावपट्टी आहे. १९६२ नंतर पडून होती, नोव्हेंबर २००८ मध्ये तिथे पुन्हा वायुदलाचं विमान उतरलं. कोयुल छोटं पण हिरवं गाव, जवाची शेतं, वर गोन्पा. होमस्टे मोजके आहेत. हानलेतून आदल्या दिवशी निरोप धाडून ठेवावा. आल्यावर गोबाला, म्हणजे गावच्या प्रमुखाला, भेटून उद्याचा बेत सांगणं शहाणपणाचं. पुढे वाट खुली आहे का हे त्याला आणि नाक्यावरच्या जवानांनाच माहीत असतं.

या पट्ट्यात जून-जुलैमध्ये शेळ्या विंचरण्याचं काम चालतं. शेळीला आडवं करून पाय बांधतात आणि लोखंडी दात्यांच्या फणीने मानेकडून खाली ओढतात. वरचे राठ केस आधी, मग आतली लव सुटून फणीवर दाटते. एका शेळीमागे साधारण पाव किलो कच्चा माल, आणि त्यातूनही राठ केस, धूळ, कोंडा काढल्यावर उरते ती खरी पश्मिना त्याहून बरीच कमी. उशीर झाला तर शेळी अंग दगडांवर घासून लव टाकून देते. लवकर केलं आणि बर्फ पडलं तर जनावर गारठतं. त्यामुळे हे पंधरा-वीस दिवस कुणाला गप्पांना वेळ नसतो. फोटो विचारून, आणि विचारल्यावर नाही म्हटलं तर नाही.

आठवा दिवस: डेमचोक

सकाळी लवकर निघा. कारण साधं आहे: वरचं बर्फ उन्हाने वितळतं आणि आडवे ओढे दुपारनंतर फुगतात. सकाळी घोट्याएवढं असलेलं पाणी तीन वाजता चाकाच्या मध्यापर्यंत येऊ शकतं. ओढा ओलांडताना पहिल्या गिअरमध्ये, क्लच न दाबता, एकाच वेगाने. मध्ये गिअर बदलला की सायलेन्सरमध्ये पाणी.

वर जाताना सिंधू डाव्या हाताला राहते. प्रत्यक्ष ताबारेषा इथे इतकी जवळ आहे की नदीपलीकडे चाललेली हालचाल साध्या डोळ्यांनी दिसते. जुलै २०२१ मध्ये गावकरी दलाई लामांचा वाढदिवस साजरा करत असताना नदीपलीकडून चिनी बाजूच्या लोकांनी निषेधाचे फलक धरले होते. फोनवरची आपोआप वेळ बदलणारी सोय बंद करा. पलीकडचा टॉवर पकडला गेला तर घड्याळ बीजिंगच्या वेळेवर, अडीच तास पुढे जातं.

गावात पोचल्यावर बघण्यासारखं काय? पाटी नाही, सेल्फी पॉइंट नाही. दगडमातीची सपाट धाब्याची घरं, छपरांच्या कडेला रचलेलं शेण आणि काटक्यांचं सरपण, शेळ्यांचे दगडी गोठे, थोडी शेतं, आयटीबीपीची (भारत-तिबेट सीमा पोलिसांची) चौकी. पलीकडे चीनच्या बाजूची पक्की बांधकामं. आणि वर ल्हारी, बौद्धांना पवित्र असलेला डोंगर. नाल्यापर्यंत जाऊ देत नाहीत. जवान थांबवतील ती आपली हद्द. त्यांच्याशी वाद घालून काही साधत नाही, चहा मात्र बहुधा मिळतो.

हे एवढंसं गाव भांडणाच्या मधोमध कसं आलं, हे समोर नाला आणि डोंगर असताना नीट कळतं. १६८४च्या तिंगमोसगांग तहात लडाख आणि तिबेट यांची हद्द डेमचोकच्या ल्हारी ओढ्यापाशी ठरली. प्रश्न आला तो ओढा कुठला. बहुतेक अभ्यासक तो चारडिंग नालाच मानतात. १८४७ मध्ये ब्रिटिशांच्या सीमा आयोगातला हेन्री स्ट्रॅची इथे आला, तेव्हा त्याने जे नोंदवलं ते असं: सहाएक झोपड्या आणि तंबू, कायमची वस्ती नाही, मधून ओढा, आणि ओढा हीच हद्द. म्हणजे गाव तेव्हाही दोन्ही काठांवर होतं. लेहहून ल्हासाला दर तीन वर्षांनी जाणारा लोपचाक नावाचा व्यापारी-राजकीय तांडा याच काठाने ताशीगांग, गारतोककडे जाई. कैलास-मानसरोवरची ही सर्वांत सपाट वाट. ती पुन्हा उघडावी ही लडाखींची जुनी मागणी आहे.

ऑक्टोबर १९६२ मध्ये चिनी सैन्याने डेमचोक घेतलं. युद्धानंतर नाल्याच्या दोन बाजूंना दोन सत्ता असं चित्र पक्कं झालं. तेव्हापासून इथे भांडणं रणगाड्यांवरून कमी आणि पाटावरून जास्त झाली आहेत. नोव्हेंबर २०१६ मध्ये रोजगार हमीतून गावाला पाणी आणणाऱ्या कालव्याचं काम चाललं होतं. चिनी सैनिकांनी येऊन ते अडवलं. पाट खणणं म्हणजे जमिनीवर हक्क सांगणं, असा दोन्हीकडचा हिशेब. २०२० नंतर चारडिंग नाल्यापाशी तंबू आले, गस्त अडली आणि चांगपांची काही कुरणं बंद झाली. २१ ऑक्टोबर २०२४ ला डेपसांग (लडाखच्या उत्तर टोकाचं वादग्रस्त पठार) आणि डेमचोकसाठी गस्तीचा समझोता जाहीर झाला, महिनाअखेरीस दोन्हीकडचं सैन्य मागे सरकलं, आणि नोव्हेंबरच्या सुरुवातीला भारतीय गस्त पुन्हा सुरू झाली.

हिवाळी कुरण हा यातला खरा मुद्दा आहे, आणि बातम्यांत तोच सर्वांत कमी येतो. नदीकाठच्या सखल भागात बर्फ कमी साचतं, म्हणून डिसेंबर ते मार्च कळप तिथेच जगतात. शेळ्या वितात तेही याच सुमारास. ती जागा बंद झाली की कळप वर राहतात, करडं मरतात, आणि दोन-तीन वर्षं असं झालं की घर कळप विकून लेहला मजुरीला जातं. सीमेवरची गावं ओस पडू नयेत म्हणून केंद्राने २०२३ मध्ये व्हायब्रंट व्हिलेजेस योजना आणली, लडाखमधली ३५ गावं तिच्यात आहेत. रस्ता आणि वीज येते आहे हे दिसतं. पण रस्ता ज्या दिशेने गावात येतो त्याच दिशेने माणसं बाहेरही जातात. कळप टिकला तरच गाव टिकेल.

इथे मुक्काम मिळेल असं धरू नका. दुपारी एकच्या आत परत फिरा, चारपर्यंत कोयुल. वाऱ्याने उडणारी वाळू दुपारनंतर काचेवर आपटू लागते. कचरा, अगदी संत्र्याची सालंसुद्धा, परत न्यायची. थंडीत आणि कोरड्या हवेत काही कुजत नाही.

नववा दिवस: कोयुल – उमलिंग ला – फोटी ला – हानले

पहाटे सहाला निघा. चिसुमले ते डेमचोक हा ५२ किलोमीटरचा रस्ता सीमा सडक संघटनेच्या हिमांक प्रकल्पाने काढला. उमलिंग ला त्याच्या माथ्यावर, ५,७९८ मीटर म्हणजे १९,०२४ फूट. २०२१ मध्ये गिनेसने सर्वांत उंच मोटाररस्ता म्हणून नोंद केली. ऑक्टोबर २०२५ मध्ये त्याच संघटनेने फुकचेच्याच बाजूला मिग लावर १९,४०० फुटांवर रस्ता नेला, तेव्हा पाटीवरचा विक्रम जुना झाला आहे.

वर हवेचा दाब समुद्रसपाटीच्या निम्मा. उतरा, फोटो काढा, गाडीत बसा. पंधरा मिनिटं पुष्कळ झाली. पळापळ नको, वर चढून झेंडे बांधणं नको. इंजिन बंद करू नका, विशेषतः डिझेलचं. चिप्सची पाकिटं फुगून फुटतात, शाम्पूच्या बाटल्या उघडताच पिचकारी मारतात. आदल्या रात्री झाकणं एकदा सैल करून घट्ट करा. कुणाला झोप येऊ लागली, उत्तरं उशिरा मिळू लागली, तर दमला असेल असं म्हणत बसू नका. ऑक्सिजन लावा आणि उतरा.

उतरून मग फोटी ला, ५,५२४ मीटर, आणि तिथून हानले. उतारावर गाडी गिअरवर सोडा, सतत ब्रेक दाबून नाही. बाहेर बर्फाची झुळूक असली तरी ब्रेकचं तेल तापतं, आणि पातळ हवेत ते लवकर निवत नाही.

दहावा आणि अकरावा दिवस: चुशूलमार्गे लेह

लोमाहून त्सागा ला, मग चुशूलचं मैदान. रेझांग लाचं स्मारक रस्त्यालगत आहे. १८ नोव्हेंबर १९६२ ला मेजर शैतानसिंग यांच्या १३ कुमाऊँच्या तुकडीतले १२० पैकी ११४ जण इथे पडले. अर्धा तास द्या. पुढे पँगाँगच्या काठाने मेराक, स्पांगमिक. २६ डिसेंबर २०२४ ला लष्कराने सरोवराकाठी १४,३०० फुटांवर शिवाजी महाराजांचा पुतळा उभारला. मराठी गाड्या तिथे थांबतातच. लेहच्या हिल कौन्सिलमधल्या चुशूलच्या सदस्याने तेव्हा स्थानिकांना न विचारता तो उभारल्याबद्दल प्रश्न केला होता, हेही तिथे उभं राहताना माहीत असावं.

शेवटचा टप्पा तांगत्से आणि चांग ला (सुमारे ५,३६० मीटर) ओलांडून कारूला. चांग लावर जूनमध्येही बर्फ पडून वाट तासन् तास तुंबते. विमान दुसऱ्या दिवशी सकाळी असेल तर मध्ये एक मोकळा दिवस ठेवा. खिंड बंद असल्याचं तांगत्सेलाच कळलं आणि थांबायला वेळ नसेल, तर आल्या वाटेने चुशूल, त्सागा ला आणि न्योमामार्गे सिंधूकाठाने लेह गाठता येतं. ते अंतर जवळजवळ तिप्पट आहे, म्हणून तांगत्सेला पोचताना टाकी आणि कॅन मिळून निदान चाळीस लिटर शिल्लक हवं, आणि परमिटची एक प्रत.